मापात बेतलेली चाकं

थांबा जरा. शिंप्याच्या दुकानासमोर उभी असलेली काळी मोटारसायकल बघून "केवढी जुनी गं ही!" म्हणत पुढे निघालात ना, तीच मी बोलतेय. जुनी म्हणालात याचा राग नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या, नाहीतर कुणाच्या दिवाणखान्यात शोभेला उभ्या आहेत, टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. मी अजून रोज रस्त्यावर आहे. मधे एकदा मात्र माझी रवानगी व्हायची वेळ आली होती, आणि कारण काय, तर माझी चाकं. तीच हकीकत सांगते. हातात पिशव्या असतील तर खाली ठेवा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक गृहस्थ माझे आराखडे काढायचे. माझा पुढचा फोर्क किती तिरका ठेवायचा यावरून त्यांचं आणि साहेबांचं रोज वाजायचं. शेवटी चष्मेवाल्यांनी आपलंच खरं केलं. दोन्ही चाकं एकोणीस इंची, मोठी आणि सडपातळ, सायकलीची थोरली बहीण शोभेन अशी. मला तेव्हा वाटायचं, इंजिन माझं, टाकी माझी, एवढी चमकदार नळकांडी माझी, आणि हे लोक चाकांवरून काय भांडतात!

पुढे कळलं काय ते. माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. मागे औषधांची पेटी बांधायची आणि रस्ता असो नसो, गोठ्यापर्यंत जायचं. खडी, चाकोऱ्या, ओढ्यातले गोटे, सगळ्यांवरून माझी मोठी चाकं बिनतक्रार चढून उतरत. डॉक्टर गाईंशी तासन्‌तास बोलायचे, माझ्याशी मात्र कधी अक्षरही बोलले नाहीत. पण तेल वेळेवर बदलायचे, म्हणून मी त्यांना सगळं माफ केलं आहे. त्यांनी जीप घेतली तेव्हा मला बघायला बरीच माणसं आली. कुणी इंजिनाला कान लावला, कुणी सायलेन्सरपाशी नाक नेलं. एक तरुण शिंपी आला, त्यानं गळ्यातली टेप काढली आणि माझं माप घेतलं. सीटची उंची, हँडलची रुंदी, मग स्वतःच्या पायाची लांबी. "बसतेय," तो म्हणाला आणि मला घेऊन गेला.

तेच माझे मास्तर. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. बाईंना मागच्या सीटवर बसायची पहिल्यांदा फार भीती. मी डावीकडे कलले की बाई उजवीकडे कलणार, आणि मधल्या मधे मास्तरांची कसरत. "अगं, तू पोत्यासारखी बस, बाकी मी बघतो," असं एकदा मास्तर म्हणाले आणि घरी पोचेपर्यंत बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पण हळूहळू जमलं. वळण आलं की आम्ही तिघंही एकदम कलायचो, कुणी कुणाला सांगायला लागायचं नाही. कितीतरी वर्षं अशी गेली. शिवलेले कोट पोचवायला, दोन्ही पोरांना शाळेत सोडायला, बाईंच्या बहिणीकडे नदीपलीकडे जेवायला, सगळीकडे मीच. पोरं मोठी झाली. मुलगा दुकानात बापाच्या हाताखाली तयार झाला आणि स्वतःची स्कूटर घेऊन हिंडू लागला. मुलगी वकिलीला गेली.

आणि मग मास्तरांच्या डाव्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

बरेच दिवस मी चादरीखाली होते. मास्तर काठी घेऊन चालू लागले, मग काठी सुटली, मग एका सकाळी येऊन त्यांनी माझ्यावरून पाय टाकला. टाकला खरा, पण डावा पाय पूर्वीसारखा जमिनीला टेकेना. नुसती बोटं टेकली. किक उजव्या पायानं मारायची, तिची अडचण नव्हती. पण सिग्नलला उभं राहायचं ते डाव्या पायावर. मास्तर उतरले आणि दारातून बघत असलेल्या मुलाचा चेहरा पडला.

आता या घराची एक खोड सांगायला हवी. इथे कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत, ती मापात आणतात. पडदा लांब झाला, काप. उशी फुगली, कापूस काढ. बाईंना ओटा उंच पडत होता, तर मास्तरांनी ओट्याला हात लावता येत नाही म्हणून बाईंच्या चपलांना तळ लावून दिले. जेवणाच्या टेबलाचे पाय तर इतक्या वेळा कापलेत की आता मांडी घालूनच जेवायला बसावं. असल्या घरात वाढलेल्या मुलाला काय सुचणार? गाडी उंच झाली, गाडी काप.

त्यानं गॅरेजवाल्याला गाठलं. या गॅरेजवाल्याला सगळे 'होईलकी' म्हणतात. काहीही विचारा, "होईल की!" हेच उत्तर. मनानं सोन्यासारखा माणूस, पण 'नाही' हा शब्द त्याच्या हत्यारांच्या पेटीत नाही.

"पुढचं-मागचं चाक लहान बसवलं तर गाडी खाली येईल ना?" मुलानं विचारलं.

"होईल की!"

"काही बिघडणार नाही ना?"

"त्यात काय बिघडायचंय? गोल ते गोलच."

मला गुपचूप ढकलत गॅरेजमध्ये नेलं. माझ्या जुन्या रिमा उतरवल्या, नव्या लहान रिमांमध्ये तारा भरल्या, वर जाडजूड टायर चढवले. पुढे सोळा इंची आणि मागे सतरा, कारण मागे बसेल अशी सोळाची रिम त्या दिवशी मिळाली नाही. होईलकीनं मला गल्लीच्या तोंडापर्यंत पहिल्या गिअरात फिरवून आणलं आणि अंगठा वर केला. दुकानातल्या ट्रायलच्या उंच आरशात मी स्वतःला बघितलं तेव्हा, खरं सांगते, मला बरंच वाटलं. ठेंगणी, गुटगुटीत, जरा नाक खाली घालून धावायच्या पवित्र्यात. म्हातारपणी कुणी नवे बूट आणून दिले तर कुणाला आवडत नाहीत?

मुलानं मास्तरांना डोळे मिटायला लावून बाहेर आणलं. मास्तर बसले, आणि डावा पाय टाचेसकट जमिनीला टेकला. त्यांनी मुलाच्या पाठीवर असा हात फिरवला की तो पठ्ठ्या लाजून आत पळाला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. होईलकी म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना!"

पहिल्या चौकापर्यंत सगळे आनंदात होते.

चौकाच्या पुढे रस्ता सरळ आणि मोकळा आहे. तिथे मास्तरांनी नेहमीसारखा वेग घेतला आणि माझं हँडल शहारायला लागलं. इथे थोडं समजावून सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला. माझा फोर्क पुढे पाऊल टाकल्यासारखा तिरका असतो. त्यामुळे पुढचं चाक हँडलच्या मागून ओढल्यासारखं येतं. चाकांची बॅग असते ना, ती ओढली तर मुकाट मागून येते, ढकलली तर वाट फुटेल तिकडे जाते. तसंच हे. पुढचं चाक मागच्याहून लहान झालं, माझं नाक खाली गेलं, फोर्क ताठ उभा राहिला, आणि चाकाचं ते मुकाट मागून येणं कमी झालं. जरा खडा आला की हँडल चुळबुळ करणार. त्यात मोठं चाक फिरायला लागलं की आपल्या वजनानं स्वतःला सांभाळतं, लहानाला तेवढा पोच नसतो. वळायला सुरुवात केली की मी एकदम आत पडायचे, आणि वळणात ब्रेक लागला तर ते जाड टायर मला उठवून सरळ करायला बघायचे. मास्तर दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरत, आणि घट्ट धरलं की मी आणखीच चुळबुळत असे.

गाडी बिघडली, असं कुणीही म्हटलं असतं. पण मास्तर ऑपरेशनमधून उठलेले. त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"थरथरायला लागले," ते हळूच म्हणाले.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, तुमचे नाहीत, माझे! पण मला बोलायला एक हॉर्नच दिलेला, आणि तोही आपण होऊन वाजत नाही.

मग एकामागून एक तेच होत गेलं. माझ्या वेगाचा काटा पुढच्या चाकावर चालतो. चाक लहान झाल्यानं ते जास्त फेरे घेई आणि काटा वाढवून सांगे. मास्तर काटा नेहमीच्या आकड्यावर ठेवत, म्हणजे खरं तर पूर्वीपेक्षा हळू चालवत. दूधवाल्याची सायकलसुद्धा आमच्या बरोबरीनं यायला लागली. "सगळं जग पुढे चाललंय, मीच मागे पडलो," मास्तर म्हणायचे. वळणात फूटरेस्ट रस्त्याला खरवडला जायचा, तर म्हणे पायात जोर राहिला नाही. मी बुटकी झाले होते आणि साइड स्टँड होतं तेवढंच लांब. त्यामुळे स्टँडवर मी जवळजवळ ताठ उभी राहायचे. एक दिवस वाऱ्याची झुळूक आली आणि मी पलीकडच्या अंगावर धाडकन आडवी झाले. फळवाल्याची टोपली वाचली, एवढंच. मास्तर धावत बाहेर आले. फळवाला हसून म्हणाला, "मास्तर, स्टँड लावायला विसरलात काय?"

"विसरलो असेन," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की फळवाल्याचं हसू तिथल्या तिथे विझलं.

मुलाला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. एवढ्या हौसेनं पोरानं करून दिलं, त्याचं मन कशाला मोडायचं? रोज संध्याकाळी मुलगा विचारायचा, "काय बाबा, कशी चालते?" आणि मास्तर म्हणायचे, "लोण्यासारखी!" मला तर असं व्हायचं की आत्ताच्या आत्ता कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकावा. खोटं बोलायला दोघं बापलेक शिकलेले नाहीत. म्हणूनच एक बोलला तेव्हा दुसऱ्याला पत्ता लागला नाही.

गाडीपुरतं असतं तरी मी गप्प बसले असते. पण ज्याचे हात थरथरतात असं त्याला वाटतं, तो शिंपी कात्री धरेल का? मुलीची सनद हाती आली होती. कोर्टात पहिल्यांदा उभी राहीन ती बाबांच्या हातच्या कोटात, असं तिचं लहानपणापासूनचं म्हणणं. काळं कापड येऊन कापायच्या टेबलावर पडलं होतं. मी दारातून रोज बघत होते. मास्तर खडू उचलायचे, कापडावर हात फिरवायचे, खडू खाली ठेवायचे. एका सकाळी मुलाला म्हणाले, "हा कोट तूच काप. मी बघतो बाजूला बसून."

मुलगा चरकला. "बाबा, ताईचा कोट? ती मला जिवंत ठेवेल का?"

"काप म्हणतो ना," मास्तर म्हणाले आणि बाहेर येऊन, माझ्या टाकीवर हात ठेवून होईलकीला हाक मारली. "हिच्यासाठी चांगलं घर बघ. आता माझ्याच्यानं होत नाही."

होईलकीनं आधी हातातला पाना फडक्यानं पुसून काढला. मग सवयीनं म्हणाला, "होईल की," आणि मान खाली घालून गेला. मला न्यायला रविवारी संध्याकाळी माणूस येणार असं ठरलं. माझी काय अवस्था झाली ते विचारू नका. पेट्रोल भरलेलं असून टाकी रिकामी वाटत होती.

रविवारी सकाळी मास्तर बाईंना म्हणाले, "चल, बहिणीकडे जाऊन येऊ. शेवटची फेरी."

ऑपरेशननंतर बाई पहिल्यांदाच मागे बसल्या. नेहमीसारखे मास्तरांचे खांदे धरले. गल्लीतून निघालो, चौक ओलांडला, मोकळ्या रस्त्याला लागलो. माझं हँडल शहारलं. नदीच्या आधी एक लांब वळण आहे. तिथे मी नेहमी हळूच कलायचे, पण आता एकदम आत पडले आणि मास्तरांनी मला कसंबसं सावरलं.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी पुलाच्या अलीकडे मला थांबवलं. "घाबरलीस ना? म्हणूनच देऊन टाकतोय. हात राहिले नाहीत गं माझे."

"हातांचं मला सांगू नका," बाई खाली उतरून समोर येऊन उभ्या राहिल्या. "मी तुमचे खांदे धरून बसले होते. हात थरथरले असते तर खांद्याला कळलं नसतं? खांदे होते तसेच आहेत. ही बया थरथरतेय!"

बया म्हटल्याचं मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"चालवण्यातलं नसेल कळत. मागे बसण्यातलं माझ्याइतकं कुणाला कळतं?" बाईंनी पर्समधून सुई-दोरा काढला. शिंप्याची बायको, तिच्या पर्समध्ये दुसरं काय असणार? "घ्या. ओवा."

"इथे? रस्त्यात?"

"इथेच."

पुलावरून माणसं चालली होती. एक जण तर थांबून बघायलाच लागला. मास्तरांनी दोऱ्याचं टोक ओठात धरलं, सुई उजेडाकडे केली, आणि दोरा पहिल्या झटक्यात पार. बाईंनी सुई काढून घेतली, दोरा उपसला आणि परत दिली. पुन्हा पार. मास्तर स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. थांबलेला माणूस म्हणाला, "वा!" आणि चालू लागला.

बहिणीकडचं जेवण राहिलं बाजूला. आम्ही तसेच माघारी आलो. बाईंनी दारातूनच मुलाला हाक मारली. "हेल्मेट घाल. गाडी नदीपर्यंत नेऊन आण."

"मी? बाबांची गाडी?" मुलानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांशिवाय घरातलं कुणी मला चालवायचं नाही, हा नियम कुणी न सांगताच चालत आला होता. मास्तरांनी मान हलवली.

तरणाबांड पोरगा, पोलादी मनगटं. जाताना शीळ घालत गेला. येताना शीळ नव्हती. दारात मला थांबवून त्यानं हेल्मेट काढलं, तर कपाळावर घामाचे थेंब.

"बाबा, ही... ही अशी चालते? हातात राहत नाही हो! वळणात तर मला वाटलं, गेलो आता."

मास्तर उठून उभे राहिले. "थरथरते?"

"थरथरते काय, माझे हात अजून थरथरताहेत, हे बघा!"

मास्तरांनी मुलाचे दोन्ही हात हातात घेतले. खरंच थरथरत होते. आणि मास्तर हसायला लागले. आधी हळू, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपल्या पोराचे हात थरथरताना बघून एवढा आनंद झालेला बाप मी तरी दुसरा बघितला नाही. मुलगा बिचारा गोंधळून आईकडे बघत होता. बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा मात्र तो मटकन पायरीवर बसला.

"मीच केलं हे. आणि तुम्ही 'लोण्यासारखी' म्हणत राहिलात?"

"तू एवढ्या मायेनं केलंस..."

"बाबा, मायेनं केलेला कोट काखेत आवळला तर गिऱ्हाइकानं सांगायचं नाही का?"

मास्तर माझ्याभोवती एक फेरी मारून आले, गळ्यातली टेप काढली आणि दुसऱ्यांदा माझं माप घेतलं. "बघ," ते मुलाला म्हणाले, "कोटाची पुढची उंची मागच्यापेक्षा जास्त कापली तर काय होतं? सगळा तोल जातो. खांद्यावर बसत नाही, अंगावर फिरत राहतो. आपण हिचं तेच केलंय. गाडी मापात आणायला गेलो आणि घडीच मोडली."

"मग पाय कसा टेकायचा?"

मास्तरांनी माझ्या सीटवर हात दाबला. जाड, फुगीर, जुन्या स्पंजची सीट. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं. अख्ख्या घरात सगळ्या गाद्या-उशा उसवून झालेल्या, आणि ही एक गादी दोघांनाही दिसली नव्हती!

संध्याकाळी मला न्यायला आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी होईलकीनं माझ्या जुन्या एकोणीस इंची रिमा भिंतीवरून उतरवल्या, तारा भरल्या, सडपातळ टायर चढवले. मास्तरांनी माझी सीट उसवली, स्पंज दोन्ही बाजूंनी निमुळता कापला, वरूनही थोडा कापून खाली आणला आणि नवं आवरण शिवलं, कडेनं दुहेरी शिलाई मारून. मास्तर बसले. डाव्या पायाची टाच जमिनीला लागली. अगदी पूर्ण नाही, एक पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहिली. तेवढ्यासाठी बुटाला तळ लावला. शेवटी या घराची खोड ती.

त्या लांब वळणावर मी पुन्हा पूर्वीसारखी हळूच कलले तेव्हा मास्तरांनी हँडल अगदी सैल धरलं होतं. मागून बाई म्हणाल्या, "आता कसं?" मास्तरांचे खांदे खाली आले. ते बाईंनाही कळलं आणि मलाही.

घरी येऊन त्यांनी हात धुतले, काळं कापड टेबलावर पसरलं, खडूनं रेघा मारल्या आणि कात्री घातली. मी दारातून बघत होते. कात्री एकदाही अडली नाही.

आता माझं बरं चाललंय. थोडा धूर निघतो, थंडीत दोन-तीन किका जास्त लागतात. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरात कुणी 'आता माझ्याच्यानं होत नाही' म्हणत कात्री, पेन, किल्ली, जे काय हातात असेल ते खाली ठेवायला लागलं, तर लगेच ते उचलून घेऊ नका. आधी एकदा त्यांच्या जागी बसून त्यांची गाडी चालवून बघा.

मास्तरांचे हात कधीतरी खरंच थरथरतील, मला माहीत आहे. माझंही इंजिन एक दिवस सुरू होणार नाही. परवाच मला पुसता पुसता मास्तर म्हणाले, "तो दिवस आला की मी आपणहून सांगेन. तोवर तू खरं बोल, मी खरं बोलतो." मी त्यांना मनातल्या मनात शब्द दिला आहे. तो दिवस यायचा तेव्हा येऊ दे. माझ्या चाकांमुळे तो एक दिवसही आधी येणार नाही.